आस्तिक आणि नास्तिक एकमेकांचा खरंच आदर करू शकतात का?

करू शकतात. फक्त आदर माणसाचा करायचा, त्याचं मत पटलंच पाहिजे असं नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १८ वं कलम विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य देतं, धर्म बदलण्याचंही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९३ मध्ये, हाच हक्क देणाऱ्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा अर्थ सांगताना, स्पष्ट केलं की काहीच न मानणाऱ्यालाही हेच संरक्षण आहे. हा झाला कायदा.

खरी कसोटी घरात लागते. प्रार्थनेच्या वेळी नास्तिक शांत उभा राहिला तर ते ढोंग नव्हे, आणि त्याने हात जोडले नाहीत तर तो देवाचा अपमानही नव्हे. वाद खुशाल घाला. टिंगल मला खटकते (दोन्हीकडची), पण ती कायद्याने बंद करावी असं वाटत नाही.