वाचकांचे प्रश्न : ट्रान्सफॉर्मर वाढवताना पॅनलकडे पाहिले का?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या ८ एमएलडी (दिवसाला ८० लाख लिटर) सांडपाणी प्रक्रिया केंद्राला ११ केव्हीचा पुरवठा आहे. ट्रान्सफॉर्मर ३१५ केव्हीएचा (केव्हीए हे वीजभाराचे एकक), बिलावरची कमाल मागणी २४५ केव्हीए. आता टाकीत हवा सोडणारे ९० किलोवॅटचे दोन ब्लोअर (पैकी एक राखीव) आणि ३७ किलोवॅटचा पंप बसणार आहे. ठेकेदार ६३० केव्हीए सुचवतो. घ्यावा का?

उत्तर : राखीव ब्लोअर बेरजेत धरू नका. नवा चालू भार १२७ किलोवॅट. मोटरी साधारण ८५ टक्के भाराने चालतात असे धरून, कार्यक्षमता आणि ०.९५ पॉवर फॅक्टर (घेतलेल्या केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) लावला की १२० केव्हीएच्या आसपास येतो. जुने २४५ मिळवून ३६५. म्हणजे ५०० केव्हीए पुरेसा आहे. पाच-सात वर्षांत केंद्राचा दुसरा टप्पा ठरलेला असेल तरच ६३० चा विचार करा.

खरी अडचण पुढेच आहे. ट्रान्सफॉर्मरचा ४.५ टक्के इम्पिडन्स (अंतर्गत अडथळा) धरला तर ३१५ च्या ट्रान्सफॉर्मरमागे शॉर्टसर्किटचा प्रवाह जास्तीत जास्त ९.३ किलोअँपिअर असतो. ५०० ला १४.८ आणि ६३० ला १८.७. जुन्या पॅनलमधले फीडरचे (यंत्रांकडे जाणाऱ्या लाइनचे) एमसीसीबी, म्हणजे दोष आला की प्रवाह तोडणारे ब्रेकर, १० किलोअँपिअरचे असतील तर आजवर ते जेमतेम तग धरून होते. नव्या ट्रान्सफॉर्मरवर केबलमध्ये दोष आला की ब्रेकर प्रवाह तोडण्याऐवजी स्वतःच फुटू शकतो. म्हणून इनकमर (पॅनलचा मुख्य ब्रेकर), फीडर आणि बसबारचे (वीज वाहणाऱ्या पट्ट्यांचे) आधार या सगळ्यांची क्षमता तपासा. किमान २५ किलोअँपिअरची मागा. निविदेत फक्त ‘ट्रान्सफॉर्मर बदलणे’ एवढेच लिहून मोकळे होणे ही नेहमीची चूक आहे.

५०० घेतला की पूर्ण भाराचा प्रवाह ४२० वरून ६६७ अँपिअरवर जातो, तेव्हा इनकमर ८०० अँपिअरचा लागेल आणि ट्रान्सफॉर्मरपासूनची केबलही बदलेल. महावितरणकडे करार मागणी (मंजूर कमाल भार) ३९० केव्हीए मागितलीत तर ११ केव्हीला सुमारे २०.५ अँपिअर होतात. मीटरिंगचा सीटी (मीटरसाठी प्रवाह कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर) १५/५, म्हणजे १५ अँपिअरचा असेल तर तोही बदलावा लागेल. विद्युत निरीक्षकांच्या मंजुरीशिवाय नवा ट्रान्सफॉर्मर चार्ज करता (त्यात वीज सोडता) येणार नाही, हे वेळापत्रकात आधीच धरा.

पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँकही विसरू नका. उच्चदाब ग्राहकांचे बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (केव्हीए-तासांवर) आहे, त्यामुळे पॉवर फॅक्टर घसरला की थेट पैसे जातात. ब्लोअर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) असतील तर साधे कपॅसिटर पाचव्या हार्मोनिकने (मूळ वारंवारतेच्या पाचपट लहरीने) तापून फुगतात. ७ टक्के रिअॅक्टरसह घ्या. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये कपॅसिटर अजिबात नको.

प्रश्न : पॅनलमधले कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच) काळे पडतात, व्हीएफडीची कार्डे वारंवार जातात. व्होल्टेज तर ठीक दिसते.

उत्तर : हा सांडपाण्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा प्रताप. तांब्यावर आणि चांदीच्या संपर्कबिंदूंवर काळा सल्फाइड चढतो, संपर्क तापतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून इनलेट चेंबरकडून (सांडपाणी आत येते तिथून) केबल ट्रेंचमधून तो आरामात पॅनलखाली येतो. आधी केबलची सर्व भोके आणि ट्रेंचचे तोंड पक्के बंद करा. पॅनल रूम इनलेटपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला असावी आणि कार्बन फिल्टरमधून हवा आत ढकलून खोलीतला दाब किंचित जास्त ठेवावा. बाहेर हवा ओढणारा पंखा मात्र उलटे काम करतो : तोच वायू ट्रेंचमधून आत खेचतो. नवी खरेदी करताना टिनप्लेटेड बसबार आणि लेपित कार्डे मागा.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मर बदलताना केंद्र किती वेळ बंद ठेवता येईल?

उत्तर : वायुमिश्रण (ब्लोअरने हवा सोडणे) काही तास थांबले तर जिवाणू सावरतात. इनलेट पंप मात्र थांबवता येत नाहीत. ८ एमएलडी म्हणजे तासाला सरासरी ३३३ घनमीटर. रात्री २ ते ५ मध्ये प्रवाह निम्मा धरला आणि इनलेट पंपांच्या विहिरीत १०० घनमीटर मोकळी जागा असली, तरी जेमतेम ३५ ते ४० मिनिटे मिळतात. म्हणून भाड्याचा जनरेटर आधी इनलेट पंपांना जोडून, फिरण्याची दिशा तपासून, तासभर चालवून बघा. मगच मुख्य लाइन बंद करा. त्याच जनरेटरवर ९० किलोवॅटचा ब्लोअर स्टार-डेल्टाने (मोटर दोन टप्प्यांत सुरू करण्याच्या पद्धतीने) सुरू करण्याच्या फंदात पडू नका, व्होल्टेज कोसळून पंपही बंद पडतील.