एम-वनची केटी

प्रश्न : मॅडम, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, ९२ टक्के मिळाले. आता इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, केटी लागली; नापास झालो, पेपर पुन्हा द्यावा लागणार. सोडवलेली उदाहरणं चार-चार वेळा वाचली होती. बाजूची मुलं गणित बघता बघता सोडवतात. मला एवढं घासावं लागतं, म्हणजे माझं डोकंच गणिताचं नाही. घरी सांगितलेलं नाही. इंजिनिअरिंग सोडू का?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : बाळा, एवढ्यावरून सोडू नकोस. मी एम-वन बरीच वर्षं शिकवलं. घासावं लागतं म्हणजे डोकं नाही, हे तुझं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. बाजूच्या मुलांपैकी कितीतरी जणांनी जेईईच्या क्लासला दोन वर्षं डेरिव्हेटिव्ह घोटलेले असतात. तुला त्यांचा आजचा वेग दिसतो, ती दोन वर्षं दिसत नाहीत.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या, १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विल्सन आणि लिनव्हिल या मानसशास्त्रज्ञांनी मार्कांच्या काळजीत असलेल्या पहिल्या वर्षाच्या काही मुलांना एवढंच सांगितलं, की सुरुवातीला मार्क कमी पडतात, पुढे वाढतात. वरच्या वर्गातल्या मुलांच्या मुलाखती दाखवल्या. या मुलांपैकी कॉलेज सोडणारे पुढे कमी निघाले. प्रयोग लहान होता, पण तुझ्या हॉस्टेलवर केटी काढून तिसऱ्या वर्षाला पोचलेली मुलं असतीलच. आज रात्री त्यांच्या खोलीत जा आणि त्यांनी एम-वन कसा काढला ते विचार.

आता वाचनाचं. सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं, तिथेच फसगत होते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनी पुढे होती; आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारी पुढे गेली. तेव्हा ऑयलरच्या प्रमेयाचं उदाहरण एकदा वाच, पुस्तक मीट, कोऱ्या कागदावर सोडव. जिथे अडशील त्या ओळीवर खूण कर आणि तो कागद घेऊन सरांकडे जा. ‘काहीच कळत नाही’ म्हणणाऱ्याला काय समजवायचं, हे आम्हालाही कळत नाही. अडलेली ओळ दाखवलीस की लगेच सांगता येतं. इंग्रजी प्रश्न समजायला वेळ लागत असेल तर जुन्या पेपरांतले नुसते प्रश्न रोज वाच, काय दिलंय आणि काय काढायचंय ते मराठीत लिही.

केटीच्या फॉर्मचे पैसे घरी मागावे लागतीलच. त्याच फोनवर आईबाबांना सगळं सांगून टाक.