वही कुणाच्या कपाटात आहे?

मुलींच्या शिक्षणाला हातभार लावणाऱ्या महिला मंडळांच्या कारभाराबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच या वेळी घेतले आहेत. अशाच एका मंडळात मी अकरा वर्षं खजिनदार होते. उत्तरं त्या खुर्चीतून दिलेली आहेत, तेव्हा अध्यक्षांना ती जरा टोचतील.

प्रश्न : ताई, आमच्या मंडळात अठ्ठावीस सभासद आहेत. नऊ वर्षं आम्ही मुलींना शिष्यवृत्ती देतो. पण राबतो आम्ही चौघीच. बाकीच्या वर्गणी भरतात, कार्यक्रमाला येतात आणि काम निघालं की खाली बघतात. तरुण मुली तर फिरकतही नाहीत. आता थकलो. काय करावं?

तुम्हा चौघींचं कौतुक करून सुरुवात करायला हवी, पण मी त्या चौघींतलीच होते, म्हणून कौतुक राहू द्या.

माझी जमाखर्चाची वही माझ्या कपाटात असायची. अक्षर माझं, खुणा माझ्या. कुणाची फी कोणत्या तारखेला जायची, कोणत्या कॉलेजात कुणाला फोन करायचा, कोणती देणगी कशासाठी आलेली, सगळं माझ्या डोक्यात. मला त्याचा अभिमान होता. मग एका पावसाळ्यात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. वही दुसरीकडे दिली, तर ती कुणालाच वाचता येईना. तिघींची फी सतरा दिवस उशिरा गेली. एकीला परीक्षेचा फॉर्म विलंब शुल्क भरून द्यावा लागला, आणि ते शुल्क तिनं मैत्रिणीकडून उसनं घेतलं होतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तिनं तक्रार केली नाही. तेच जास्त लागलं.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं की बाकीच्या काही करत नाहीत याचं एक कारण मीच होते. काम कुठे लिहिलेलंच नव्हतं, तर कुणी उचलणार कसं? कुणी पुढे आलीच, तर ‘राहू दे, तुला समजावण्यापेक्षा मीच पटकन करते’ हे माझं वाक्य ठरलेलं. आठवून बघा, तुमच्या तोंडी ते किती वेळा येतं.

आम्ही काय केलं ते सांगते. वर्षाचं काम बारा पानांवर लिहिलं, एका महिन्याला एक पान. अर्ज कधी मागवायचे, बँकेतून काय आणायचं, कुणाच्या दुसऱ्या सहामाहीची फी कधी. लिहायला दोन रविवार गेले आणि लिहिताना आमच्यातच तीन भांडणं झाली, कारण एकच काम आम्ही तिघी तीन तऱ्हांनी करत होतो. मग सभेत ‘कुणीतरी मदत करा’ म्हणणं बंद केलं. त्याऐवजी: ‘अठरा अर्ज आहेत, दोन शनिवार लागतील, घरी बसून वाचायचे, मग तुम्ही मोकळ्या.’ तीन हात वर आले. त्यातली एक सहा वर्षं सभेत एक शब्द बोलली नव्हती. बायका कामाला घाबरत नाहीत, न संपणाऱ्या कामाला घाबरतात. तरुण मुलींचंही तेच. त्यांच्याकडे नोकरी आहे, लहान मूल आहे. त्यांना पद नको असतं, दुपारची तीन तासांची सभा तर नकोच नको.

आणि पदाची मुदत ठरवा. आम्ही दोन वर्षं धरली. जाणाऱ्या खजिनदाराबरोबर येणारीनं आधीचं एक वर्ष बसायचं, शेजारी, तीच वही उघडून. नऊ वर्षं एकच अध्यक्ष असतील (पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण मला वास येतो), तर त्यांना सन्मानानं सल्लागार करा. त्या रुसतील. रुसवा साधारण एक वर्ष टिकतो.

प्रश्न : आमच्या एका ज्येष्ठ सभासदांच्या भाचीनं शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आहे. मुलगी हुशार आहे, पण गरज बेताचीच. नाही कसं म्हणायचं?

या वर्षी अवघड आहे, कारण नियम आधी लिहिलेला नाही. अर्ज हातात आल्यावर केलेला नियम त्या मुलीविरुद्ध केल्यासारखाच दिसतो. तरी एवढं आत्ताही करता येईल: अर्जांवरची नावं झाकून त्यांना क्रमांक द्या, त्या बाईंनी निवडीच्या वेळी खोलीबाहेर बसावं आणि त्या बाहेर होत्या हे इतिवृत्तात लिहा. निवड समितीत दोन माणसं मंडळाबाहेरची घ्या. निवृत्त शिक्षिका उत्तम, त्यांना गोड बोलणाऱ्या अर्जांची सवय असते.

पण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न ‘हुशार की गरजू’ हा आहे, आणि तिथे आम्ही स्वतः बरीच वर्षं चुकलो. आम्ही ‘माझे ध्येय’ असा निबंध मागवायचो. नेटके, भावपूर्ण निबंध यायचे आणि आम्ही विरघळायचो. मग एका परीक्षक बाईंनी विचारलं, ‘यातले किती आयांनी लिहिलेत?’ ज्या घरात निबंध तपासून देणारं कुणी होतं, ती घरं आमच्या यादीत वर येत होती. पुढच्या वर्षी निबंध काढून एकच प्रश्न ठेवला: वर्ग सुटल्यापासून झोपेपर्यंत काल तू काय केलंस, वेळेसकट लिही. उत्तरं चार-पाच ओळींची आली. एकीनं लिहिलं होतं की धाकट्या दोघांना सांभाळून नऊला पुस्तक उघडते. दुसरी बसचे पैसे वाचवायला दोन्ही वेळा चालत होती, रोज अडीच तास. तिची फी आधीच माफ होती. आमची फीची शिष्यवृत्ती तिच्या काय कामाची? तिला पास काढून दिला.

यावरून आणखी एक. पैसे देण्याआधी शिक्षणसंस्थेला विचारून घ्या. बाहेरची मदत आली की काही संस्था आपली सवलत तेवढ्यानं कमी करतात. मग तुमचा पैसा मुलीला न मिळता संस्थेचा खर्च वाचवतो. असं असेल तर फी सोडून पुस्तकं, प्रवास, वसतिगृह, परीक्षा शुल्क यांतलं काही उचला.

प्रश्न : देणगीदारांना मुलीसोबत चेक देतानाचा फोटो हवा असतो. द्यावा का?

नाही. वर्गात तो फोटो तिच्याआधी पोचतो. तिला वाटलं तर तिनं पत्र लिहावं, नाही वाटलं तर लिहू नये. देणगीदाराला हिशेब द्या, तो मात्र पै-पैचा. फोटोवाचून देणगी अडत असेल तर अडू द्या. आमची एक अडली होती. मोठी होती, वाईट वाटलं.

प्रश्न : मंडळाचं वेगळं खातं नाही. अध्यक्षांच्या खात्यात पैसे जमा होतात. त्या अत्यंत प्रामाणिक आहेत. तरी काही बिघडतं का?

प्रामाणिक माणसं आजारी पडतात, परगावी जातात, मरतातही. प्रामाणिकपणाबद्दल कुणी विचारलेलंच नाही, तो पैसा कागदावर कुणाचा आहे एवढंच विचारायचं आहे.

मेरी क्यूरी १९२१ मध्ये अमेरिकेला गेल्या होत्या. त्यांच्या संशोधनासाठी तिथल्या स्त्रियांनी वर्गणी गोळा करून एक ग्रॅम रेडियम विकत घेतलं होतं, किंमत सुमारे १ लाख डॉलर. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते ते द्यायचं होतं. आदल्या संध्याकाळी क्यूरीबाईंना दानपत्र दाखवलं, तर त्यात रेडियम त्यांच्या नावे होतं. त्या अडून बसल्या. असंच राहिलं तर माझ्यामागे ते माझ्या मुलींची खासगी मालमत्ता होईल, ते प्रयोगशाळेचं व्हायला हवं. उद्या-परवा बदलू म्हटलं तर ऐकेनात. रात्रीच वकील शोधून कागद बदलून घेतला. त्यांच्या प्रामाणिकपणावर कुणाचा संशय नव्हता. त्यांचा स्वतःचा तर नव्हताच.

तेव्हा मंडळाच्या नावे खातं काढा. त्यासाठी नोंदणी, घटना, ठराव काय लागेल ते तुमच्याकडच्या हिशेब तपासनीसाला विचारा. चेकवर दोन सह्या, आणि त्या दोघी एका घरातल्या नकोत. फीचा चेक मुलीच्या किंवा पालकांच्या नावे न काढता संस्थेच्या नावे काढा आणि पावती फाइलला लावा. दर महिन्याच्या सभेत बँकेचं स्टेटमेंट मोठ्यानं वाचा. कंटाळवाणं होतं, वाचा. अध्यक्षबाईंना सांगताना ‘तुमच्यावर विश्वास नाही म्हणून’ असं त्यांना वाटू देऊ नका. क्यूरीबाईंची गोष्ट सांगा, बहुतेक जणी खूश होतात.

प्रश्न : आमच्या पहिल्या शिष्यवृत्तीची मुलगी आता नोकरीला लागली आहे आणि सभासद व्हायचं म्हणते. काही ज्येष्ठांना ते अवघड वाटतं. ‘जिला आपण दिलं ती आपल्या शेजारी?’ असं एक जण म्हणाल्या.

त्या ज्येष्ठ बाईंना माझा नमस्कार सांगा आणि मुलीला फॉर्म द्या.

आमच्याकडेही असंच झालं. विलंब शुल्क भरावं लागलेली तीच मुलगी पुढे सभासद झाली आणि माझ्यानंतर खजिनदार. ठरल्याप्रमाणे ती वर्षभर माझ्या शेजारी बसली. पहिल्याच महिन्यात तिनं मागच्या वर्षाच्या जमाखर्चातली माझी बेरीज चुकलेली दाखवली. पेन्सिलीनं बारीक गोल करून, बाजूला प्रश्नचिन्ह.

मी दोनदा करून पाहिली. तिचीच बरोबर होती.