जुने टोपो नकाशे बघून नोकरी लागते का? कोलोराडोतल्या एका विद्यार्थिनीला उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाव छापू नका म्हणालीस म्हणून नुसतं 'तू' म्हणते. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, ही मुलगी कोलोराडोत एमएस करतेय, दुसरं सेमिस्टर चालू आहे, गाइडने तिला सॅन हुआन डोंगरातल्या सिल्व्हर्टनच्या खाणपट्ट्याचे शंभर-सव्वाशे वर्षांचे टोपो नकाशे (डोंगर, नद्या, रस्ते आणि जमिनीची उंची दाखवणारे नकाशे) एकावर एक ठेवून काय काय बदललं ते शोधायला लावलंय. तिला काम मनापासून आवडतंय पण बाबा म्हणतात हे इतिहासाचं खूळ आहे, सरळ डेटा सायन्सला वळ, आणि आता रात्र रात्र झोप नाही.

वळू नकोस. पण नुसते नकाशे हातात घेऊन डिग्री संपवू पण नकोस.

आधी बाबांच्या प्रश्नाचं बघू, कारण तो प्रश्न बरोबरच आहे, पैसे कोण देणार? अमेरिकेत १९८० चा सुपरफंड कायदा आहे, त्यात असं आहे की जमीन दूषित निघाली तर साफसफाईचा खर्च आजच्या मालकावर पण येऊ शकतो, घाण त्याने केलेली नसली तरी. त्यातून वाचायचं असेल तर जमीन घ्यायच्या आधी रीतसर चौकशी केल्याचं दाखवावं लागतं. त्या चौकशीला फेज वन म्हणतात आणि त्यात जुने टोपो नकाशे, जुने एरियल फोटो, गावातली जागा असेल तर सॅनबॉर्नचे फायर इन्शुरन्सचे नकाशे, हे सगळं बघून त्या जागी पूर्वी काय होतं ते लिहून द्यायचं असतं. म्हणजे तू आत्ता जे करतेयस तेच. जिऑलॉजी किंवा एन्व्हायर्न्मेंट शिकून नवीन बाहेर पडलेली कितीतरी मुलं कन्सल्टिंग कंपनीत पहिलं वर्ष हेच रिपोर्ट लिहीत काढतात. बाबांना हे सांग.

आणि तुझा भाग तर या कामाच्या मधोमध बसलाय. ५ ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी काम चालू असताना आत तुंबलेलं पाणी फुटून सिमेंट क्रीक या ओढ्यात आलं, तीस लाख गॅलनच्या आसपास, आणि अनिमास नदी नारिंगी-पिवळी झाली, ते फोटो तू पाहिलेच असशील. पुढच्याच वर्षी तो सगळा पट्टा बोनिटा पीक मायनिंग डिस्ट्रिक्ट या नावाने सुपरफंडच्या यादीत गेला, त्यात ४८ ठिकाणं धरलीत. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच असतो की इथे बोगदे किती, तोंडं कुठे, ढिगारे कधीचे, आणि कंपन्या बुडाल्या, कागद हरवले, तर निदान कुठे शोधायचं हे बऱ्याचदा जुनी शीटच, म्हणजे जुना टोपो नकाशाच, सांगते.

मी रविवारी स्वतः यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या, टोपोव्ह्यू या वेबसाइटवर बसले (१८८४ पासूनच्या शीट्स स्कॅन करून फुकट ठेवल्यात, खरंच मोठं काम केलंय या लोकांनी). सिल्व्हर्टनपासून अनिमास नदी धरून वर जात राहिलं की हॉवर्ड्सव्हिल, युरेका, मग वर ११,२०० फुटांवर अनिमास फोर्क्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शीटवर नदीच्या कडेकडेने रेल्वेची बारीक आडव्या फुल्यांची रेघ वर चढत जाते, १९५० च्या दशकातल्या शीटवर ती गायब, रूळ १९४२ मध्ये उखडलेत. अशी रेघ दिसली की मी तुला विचारीन, ही गाडी काय उतरवायला थांबत होती? युरेकाला मोठी मिल होती, म्हणजे खनिज दळून धातू वेगळा काढायचा कारखाना, आणि जिथे मिल तिथे टेलिंग्ज, म्हणजे दळून उरलेला चुरा. नकाशावर नुसतं बघण्यात आणि वाचण्यात फरक आहे तो इथे.

वाचायला शिकताना सगळ्यात जास्त चुका वर्षाच्या होतात. शीटच्या कोपऱ्यात सर्व्हेचं वर्ष वेगळं, एडिशनचं वेगळं आणि रीप्रिंटचं तिसरंच असतं. १९३० च्या आसपासचा रीप्रिंट म्हणून १९३० ची परिस्थिती असं लिहिलंस आणि सर्व्हे निघाला १८९० च्या दशकातला, तर रिपोर्ट गेलाच. तसंच काही शीट्सवर जांभळ्या रंगात भर घातलेली दिसेल, ती नंतर एरियल फोटोवरून केलेली, जागेवर जाऊन तपासलेली नसते. आणि जुन्या १:६२,५०० स्केलच्या शीटवर कंटूर (सारख्या उंचीच्या रेघा) प्लेन टेबल, म्हणजे मोजणीचं टेबल, लावून, लांबून बघून हाताने काढलेत, त्यामुळे दोन शीट्समधल्या उंचीतला फरक बघून 'डोंगर खचला' असं लगेच लिहू नकोस. डेटम, म्हणजे नकाशाचे अक्षांश-रेखांश कुठल्या पायावर मोजलेत ते, पण बघ, नॅड २७ या जुन्या डेटमची शीट तशीच जीपीएसच्या पॉइंटवर टाकलीस तर कोलोराडोत पन्नासेक मीटर सरकते, आणि तेवढ्यात बोगद्याचं तोंड ओढ्याच्या पलीकडे जातं!!

एक व्यायाम देते. सनीसाइड बेसिनची १९७८ च्या आधीची शीट घे आणि लेक एमा शोध. ४ जून १९७८ ला त्या तळ्याचा तळ खालच्या सनीसाइड खाणीत फुटला आणि अख्खं तळं बोगद्यांतून वाहून गेलं, रविवार होता म्हणून आत कोणी नव्हतं, सगळी माणसं वाचली. आता तेच ठिकाण नवीन शीटवर बघ आणि दोन्हीतला निळा रंग (म्हणजे पाणी) शेजारी ठेवून एक पान लिही, कुठलं वाक्य नकाशा सिद्ध करतो आणि कुठलं नाही, प्रत्येक वाक्यापुढे. हे एक पान मुलाखतीला घेऊन जा, तुझ्या दहा सर्टिफिकेट्सपेक्षा जास्त बोलेल.

आता कमी काय आहे ते. तू लिहिलेल्या कोर्सेसमध्ये पाणी कुठेच नाही. नकाशा सांगेल ढिगारा कुठे आहे, पण पायराइटला (लोखंड आणि गंधकाचं खनिज) हवा-पाणी लागून आम्ल कसं तयार होतं, त्यात झिंक, कॅडमियम कसं विरघळून उतरतं, आणि त्या डोंगरात खाणी नव्हत्या तेव्हाही काही ओढे आपोआपच आंबट होते, मग खाणीचा वाटा वेगळा कसा काढायचा, हे यायला हवं. एक हायड्रोजिऑलॉजी (जमिनीखालच्या पाण्याचं शास्त्र) आणि एक जिओकेमिस्ट्री (खडक-मातीचं रसायन) एवढं तरी घे. बाबांचं डेटा सायन्स पूर्ण टाकू नकोस, पायथन शीक, शंभर शीट्सवरून खाणींच्या खुणा उचलायच्या तर हाताने किती करशील. शिवाय अशा साइटवर काम करायला ४० तासांचं हॅझवॉपर, म्हणजे घातक कचऱ्याच्या जागी सुरक्षित काम करायचं, ट्रेनिंग मागतात, ते फायनल सेमिस्टरच्या आधी करून टाक.

फील्डला उन्हाळ्यातच जा, एवढ्या उंचीवर बर्फ उशिरापर्यंत असतो, आणि सोडलेल्या बोगद्यात पाऊल टाकायचं नाही, फोटोसाठी पण नाही. आत ऑक्सिजन कमी असू शकतो आणि ते कळत नाही. बाहेरून जीपीएस पॉइंट घे, मागे फीर.

व्हिसाचं तू विचारलंच नाहीस पण मला ते जास्त टोचतंय. यूएसजीएस, ईपीए (पर्यावरण खातं) वगैरे केंद्राच्या पर्मनंट नोकऱ्या बहुतेक करून नागरिकांनाच मिळतात, त्या आशेवर बसू नकोस, प्रायव्हेट कन्सल्टिंग आणि युनिव्हर्सिटीचे प्रोजेक्ट धर. ओपीटी, म्हणजे स्टुडंट व्हिसावर शिक्षणाशी संबंधित काम करायची परवानगी, १२ महिन्यांची, वर २४ महिन्यांचं एक्स्टेन्शन फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) कोर्सला. तुझ्या आय-ट्वेंटीवर (युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेला कागद) कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी क्रमांक, असतो, तो स्टेमच्या यादीत आहे की नाही हे या आठवड्यातच इंटरनॅशनल ऑफिसला जाऊन विचार. नसेल तर डिपार्टमेंट तेच ठेवून डिग्रीचा ट्रॅक बदलता येतो का ते पण तिथेच विचार, कारण हे आत्ता दुसऱ्या सेमिस्टरला जमू शकतं, चौथ्याला अवघड होईल.

आणि लेक एमाचं पान लिहून झालं की मला पाठव, मी वाचते.