सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी जीव थाऱ्यावर नाही

मिरजेच्या एक ताई लिहितात: "वय ४६. दीड वर्षापासून छातीत धडधड, मान-खांदे आखडलेले, पोटात गोळा. ईसीजी, इको, थायरॉइड, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. मुलगा पुण्यात नोकरीला. परवा त्यानं फोन उचलला नाही, तर मी त्याचं 'लास्ट सीन' बघत बसले आणि तव्यावरची भाकरी करपली. त्याचा फोन आला की सासूबाईंच्या शुगरची काळजी, ती झाली की पैशांची. झोपेसाठी सहा महिने मेडिकलमधून अर्धी गोळी आणते. मिस्टर म्हणतात, सगळं चांगलं चाललंय, तुझा स्वभावच तसा. मी नाटक करते का?"

नाही हो ताई. नाटक करणाऱ्याची भाकरी करपत नाही.

काळजी कुणाला नसते? पण पोराची परीक्षा संपली की तिची काळजीही संपते. तुमची संपत नाही, नुसतं बिऱ्हाड हलवते. सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी आणि जोडीला थकवा, चिडचिड, आखडलेले स्नायू, उडालेली झोप असं असेल तर डॉक्टर जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डरचा, म्हणजे एका प्रकारच्या चिंताविकाराचा विचार करतात. निदान अर्थात त्यांनीच करायचं. थायरॉइड तपासलंत ते बरं केलंत, त्यातही अशीच धडधड होते.

२०१७च्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात सुमारे ४.५ कोटी लोकांना कुठला ना कुठला चिंताविकार होता, त्यात बायका जास्त. यातले कितीतरी जण मनाच्या डॉक्टरांकडे पोचतच नाहीत. ॲसिडिटी, धडधड, अंगदुखी म्हणून फिजिशियनच्या बाकावर बसतात, फाइल जाड होते, पाकीट रिकामं. कामाचे दिवस बुडतात, घरातले वैतागतात, आणि आजाराला नाव मात्र 'स्वभाव'. मला या शब्दाचा रागच आहे. स्वभाव म्हटलं की उपचाराचा विषयच मिटला!

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. गोव्यात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना, डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी मदत केली. नेहमीच्या उपचारांपेक्षा तिथे जास्त लोक बरे झाले, असं २०१०मध्ये प्रसिद्ध झालं. तुमच्या गावात तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मानसोपचाराची ओपीडी विचारा. घरातून निघवतच नसेल तर १४४१६ वर टेलि-मानसला, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

ती अर्धी गोळी मात्र मनानं एकदम बंद करू नका. झोपेच्या कित्येक गोळ्यांची शरीराला सवय लागते, अचानक सोडल्या तर त्रास वाढतो. स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा. चिंतेवरची नेहमीची औषधं वेगळी असतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी "फरक नाही" म्हणून सोडू नका.

मुलाशी एक ठरवा: रात्री नऊला एक फोन. मध्ये 'लास्ट सीन' बघायचं नाही. बघितलं की घटकाभर बरं वाटतं, मग हात पुन्हा मोबाइलकडे जातो. पहिले आठ दिवस जड जातील.

आणि जाताना मिस्टरांना बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत घेऊन जा. फाइल त्यांच्याच हातात द्या.