सतरा पुस्तकं आणि एक माहितीपुस्तिका

"मॅडम, आता आणखी कोणतं पुस्तक घेऊ?" असं म्हणत एका आईने पिशवी माझ्या टेबलावर रिती केली. सतरा पुस्तकं होती. जाड पुठ्ठ्याची, बटण दाबलं की वाजणारी, अक्षरओळखीची, भावनांचे चेहरे दाखवणारी. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान होऊन दोन वर्षं झालेली. यातल्या एकाही पुस्तकात तो दोन मिनिटं रमला नव्हता. "आणि घरात काय घेऊन बसतो, तर वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका! शेवटी मी ती माळ्यावर टाकली," हे सांगताना त्यांचा गळा दाटून आला.

(हा अनुभव आईच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

'कोणतं पुस्तक आणू?' हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. सुरुवातीच्या काळात मी यादी लिहून देत असे. आता आधी एवढंच विचारते, की मूल आपणहून काय उघडून बघतं? या आईने उत्तर तर दिलंच होतं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी ती पुस्तिका माळ्यावरून काढून आणा."

मुलाने ती उघडली ती थेट एकाच पानावर. कोपरे झिजून मऊ झाले होते. पानावर आठ चित्रं, प्रत्येकाला आकडा, एका चित्रात एकच कृती, मागे कोरा पांढरा कागद. शेजारी मी पिशवीतलं एक गोष्टीचं पुस्तक उघडून ठेवलं. चकचकीत पान, त्यावर ट्यूबलाइटची तिरीप, भरगच्च जंगल, डझनभर प्राणी. ससा तिसऱ्या पानावर रडतो, चौथ्यावर हसतो, मधे काय झालं ते आपण ओळखायचं. अनेक स्वमग्न मुलांना सगळे तपशील एकाच वेळी सारख्याच जोराने दिसतात, आणि न सांगितलेलं ओळखणं तर फार जड जातं. पुस्तिकेत काहीच झाकलेलं नव्हतं. एकानंतर दोन येतं, दोननंतर तीन, आणि उद्याही तसंच येतं. मुलाने आपल्याला हवं तसं पुस्तक केव्हाच निवडलं होतं.

त्याच दिवशी बाहेर कुठेतरी ड्रिलमशीन सुरू झालं. मुलाने कान दाबले आणि म्हणाला, "सफाईपूर्वी प्लग काढा. प्लग काढा." आई ओशाळून म्हणाली, "असंच काहीतरी बडबडत असतो." मी खिडकी लावून घेतली. तो गप्प झाला. ऐकलेलं किंवा वाचलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणण्याला एकोलालिया म्हणतात. एके काळी ती सवय मोडायची शिकवण दिली जाई. पण त्या वाक्यांमागे बऱ्याचदा अर्थ असतो, तो आपल्याला शोधावा लागतो. 'प्लग काढा' म्हणजे 'हा आवाज बंद करा'. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मिक्सर लावला की तो हेच म्हणतो."

पिशवीच्या तळाशी एक जुनं पुस्तकही होतं, कुणा नातेवाइकाने दिलेलं. आईच्या थंडपणामुळे मूल मिटून जातं, असं त्यात लिहिलेलं. हा समज विसाव्या शतकाच्या मध्यावर खूप पसरला होता. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, १९६४ साली तो खोडून काढला आणि स्वमग्नतेचं मूळ जैविक आहे असं मांडलं. पुढच्या संशोधनाने तेच दाखवलं. तरी अशी पुस्तकं घरोघर फिरत राहतात आणि आया रात्री जागून ती वाचतात, याचा मला मनापासून राग येतो. पालकांसाठीचं पुस्तक घेताना ते कधी लिहिलंय हे आधी बघा. 'बरं करण्याची' हमी देणारं असेल तर परत ठेवा. स्वमग्न प्रौढांनी स्वतःविषयी लिहिलेलं काही मिळालं तर ते जरूर वाचा. मिक्सरचा आवाज आतून कसा लागतो, ते त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही.

मुलासाठी आम्ही अठरावं पुस्तक विकत घेतलं नाही, घरी केलं. विषय केस कापण्याचा, कारण त्या घरातलं ते सर्वांत मोठं संकट होतं. कॅरल ग्रे या शिक्षिकेने १९९०च्या सुमारास 'सोशल स्टोरी' ही पद्धत आणली. प्रसंग मुलाच्या बाजूने, छोट्या वाक्यांत लिहायचा. त्यात आज्ञा कमी आणि वर्णन जास्त, म्हणजे काय करायचं हे सांगणाऱ्या प्रत्येक वाक्यामागे काय घडतं ते सांगणारी निदान दोन वाक्यं. आईंचा पहिला मसुदा असा होता: 'रडायचं नाही. हलायचं नाही. शहाण्यासारखं बसायचं.' आम्ही तो पुन्हा लिहिला. साधा न चकाकणारा कागद, पानावर एक फोटो, कोपऱ्यात आकडा, त्याच्या पुस्तिकेसारखाच.

'४. काका मशीन लावतात. मशीनचा घुर्रर्र आवाज येतो.'

'५. आवाज मला मोठा वाटतो. मी "प्लग काढा" म्हणू शकतो.'

'६. काका मशीन बंद करतात.'

सहावं पान मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. पुस्तकात लिहिलेलं दुकानात घडलं नाही, तर हा मुलगा पुन्हा त्या पुस्तकाला हात लावणार नाही. म्हणून आई आधी एकट्या जाऊन केस कापणाऱ्या काकांना ते पान दाखवून आल्या. मग तीन आठवडे रोज संध्याकाळी, मूल शांत असताना, ते पुस्तक वाचलं. रडारड चालू असताना कधीच नाही.

त्यानंतरच्या सोमवारी आईंचा फोन आला. मशीन लागलं, मुलाने कान दाबून "प्लग काढा" म्हटलं, आणि काकांनी नुसतं बटण बंद न करता खरंच प्लग उपसून त्याच्या हातात दिला. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा तो खुर्चीवरून उतरला. "डाव्या बाजूचे केस तसेच राहिलेत मॅडम," त्या म्हणाल्या. "मी रात्री नववं पान जोडलं. 'आज अर्धे केस कापले. उरलेले रविवारी.' सकाळपासून तेच उघडून बसलाय."

पुस्तिका माळ्यावर परत गेली नाही. ती आता नव्या पुस्तकाशेजारी असते.