डॉगरिज म्हणून लावलेला खुंट डॉगरिजच आहे ना, हे आधी तपासा

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील आपल्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेविषयी आपण जे लिहिले आहे, ते आमच्या तासगावकडच्या बागेत एकेकाळी जसेच्या तसे घडले होते. एकाच ओळीत काही वेली जोमदार तर काही खुरटलेल्या, जुन्या पानांच्या कडा काळवंडून वाळत चाललेल्या, विहिरीचे पाणी मचूळ, आणि वर प्रश्न असा की ‘खुंट डॉगरिजचा असताना क्षाराचा त्रास का व्हावा?’ (खुंट म्हणजे जिच्या मुळांवर द्राक्षाचे कलम करतात ती खालची वेल; डॉगरिज हा क्षार सोसणारा म्हणून लावला जाणारा खुंट.) छाटण्या, ठिबक, खतांच्या मात्रा हे सगळे आपण जाणताच, म्हणून त्यात शिरत नाही. मी शेतकरी आहे, शास्त्रज्ञ नाही. माझी जमीन आणि आपली जमीन वेगळी आहे, हे धरूनच पुढचे वाचावे.

आपल्याकडे खुंटाकडे केवळ मुळ्यांची सोय म्हणून पाहिले जाते, आणि गोंधळाचे मूळ मला तिथेच दिसते. डॉगरिज ही टेक्सासमधील रानद्राक्षाची निवड आहे. बेल परगण्यातील डॉग रिज या ठिकाणावरून तिला हे नाव मिळाले आणि डेनिसन गावचे द्राक्षतज्ज्ञ थॉमस व्होल्नी मनसन यांनी ती निवडली. मस्टँग आणि रुपेस्ट्रिस या दोन रानटी द्राक्षांचा निसर्गातच झालेला हा संकर मानला जातो. यातील मस्टँग हा झाडांच्या शेंड्यापर्यंत चढणारा दांडगा वेल आहे. त्याच्या पानांची खालची बाजू पांढऱ्या लवीने भरलेली असते आणि फळ इतके आंबट व झोंबणारे असते की तिकडचे लोक ते हातमोजे घालून तोडतात व भरपूर साखर घालून त्याची जेली किंवा वाइन करतात. रुपेस्ट्रिस मात्र ओढ्यांच्या खडकाळ, दगडगोट्यांच्या पात्रात झुडपासारखे वाढते आणि मुळ्या खोल सोडते. फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा अमेरिकेतील अशाच रानवेलींच्या मुळांवर तिथली द्राक्षे पुन्हा उभी राहिली, आणि या कामातील वाटा म्हणून मनसन यांना १८८८ मध्ये फ्रान्स सरकारने सन्मानित केले. आपण हा खुंट घेतला तो या किडीसाठी नव्हे, तर क्षार, सूत्रकृमी आणि पाण्याची टंचाई यांच्यासाठी.

उंच झाडांवर चढून ऊन गाठण्याची सवय या वेलीच्या अंगात आहे, म्हणून मांडवावर ती वरच्या थॉमसनलाही अतिजोम देते. काडीवर दाट सावली पडली की सूक्ष्म घडनिर्मिती, म्हणजे डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होणे, बिघडते आणि पुढच्या छाटणीत नुसतीच पाने निघतात. भारी जमिनीत डॉगरिज लावावा, असे मी कोणालाही सांगणार नाही. हे माझे ठाम मत आहे, काहींना पटणार नाही.

आता ओळख. कमजोर वेलीच्या कलमजोडाखालून आलेला, म्हणजे खुंटाचाच, फुटवा काढून टाकण्यापूर्वी हातात घेऊन पाहा. डॉगरिजचा कोवळा शेंडा कोळिष्टकासारख्या पांढऱ्या लवीने झाकलेला असतो; पान रुंद, जाडसर, जवळजवळ न कातरलेले असते आणि खालच्या बाजूस शिरांवर बोट फिरवल्यास लव जाणवते. ११० आर या दुसऱ्या खुंटाचे पान त्यामानाने लहान, मूत्रपिंडाच्या आकाराचे, चकचकीत आणि देठापाशी उघडे असते. जोमदार वेलीचा फुटवा एका प्रकारचा आणि खुरटलेल्या वेलीचा दुसऱ्या प्रकारचा निघाला, तर रोपवाटिकेतूनच सरमिसळ आली आहे, असे समजावे.

आमच्याकडे नेमके हेच निघाले, आणि सर्वांत मोठे नुकसान त्यानंतर झाले. दोन्ही प्रकारचे फुटवे ओल्या गोणपाटात गुंडाळून मी एका सरकारी कार्यालयात नेले. तेथील अधिकाऱ्यांनी ते उलगडूनही पाहिले नाहीत. विक्रेत्याचे लेखी म्हणणे आणा, मगच पाहणी करू, असे सांगण्यात आले. विक्रेता म्हणाला, कार्यालयाचा अहवाल आणा, मग बोलू. या येरझाऱ्यांत हंगाम सरला आणि अखेर जे पत्र हाती आले, त्यात असमान वाढ ही व्यवस्थापनाची बाब असल्याचे एका ओळीत लिहिले होते. तोवर मजुरांनी नेहमीप्रमाणे बुडे साफ केली होती, त्यामुळे दाखवण्यासारखा एकही फुटवा उरला नव्हता. फळरोपांच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे, परवान्याची अट आहे, आणि तरीही शेतकऱ्याने पुराव्यासाठी अशी वणवण करावी, याची चीड मला आजही येते. म्हणून हात जोडून सांगतो, काही कमजोर व काही जोमदार वेलींचा एकेक फुटवा राखून ठेवा, त्यांना खुणेच्या पट्ट्या बांधा, तारखेसह छायाचित्रे काढा आणि पावतीवर खुंटाचे नाव व परवाना क्रमांक आहे का ते पाहा.

समजा, सगळ्या वेली अस्सल डॉगरिजवरच निघाल्या, तरी कडा करपणे थांबेलच असे नाही. क्षारयुक्त पाण्यावर अनेक वर्षे वाढलेल्या डॉगरिजवरील थॉमसनमध्ये पालाश (पोटॅश) कमी आणि सोडियम जास्त साठल्याचे आढळते; त्या बाबतीत ११० आर सरस ठरतो. पालाश ओतण्याआधी खरड छाटणीनंतर (फळे काढल्यावरच्या उन्हाळी छाटणीनंतर) साधारण ४५ दिवसांनी आणि पुन्हा फुलोऱ्यात देठ परीक्षण (पानांच्या देठांची प्रयोगशाळेत तपासणी) करा व त्यात सोडियमचा आकडा मागून घ्या, कारण न मागितल्यास तो अनेकदा अहवालात नसतो. माती चोपण (सोडियम साठून घट्ट झालेली) असेल तर जिप्सम उपयोगी पडते. पण चुनखडीच्या जमिनीत गंधक वापरण्याविषयी पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

चुकीच्या खुंटावरील वेली थोड्या असतील, तर शेजारी खात्रीचा खुंट लावून भेट कलम (दोन वेलींची खोडे एकमेकांना जोडून केलेले कलम) करता येते. निम्म्याहून अधिक असतील, तर मी त्या काढून नव्याने लावेन. शेंड्याचे आणि पानाच्या खालच्या बाजूचे जवळून काढलेले छायाचित्र इथे टाकल्यास मी आणि इतर जाणकार सदस्य पाहून सांगू.